जिम्नॅस्टिक्सचा क्लास सोडताना

नौपाड्यात संध्याकाळी गोखले रोडवर उभे राहिले, की पाठीवर छोटी सॅक आणि केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या मुली आईचा हात धरून लगबगीने जाताना दिसतात. त्यांतल्या काही आता आपल्या वस्त्यांमधल्याही असतात. कोणी कोपरीहून येते, कोणी कळव्याहून, कोणी वागळे इस्टेटवरून. एखादी तर कल्याणहून लोकलच्या गर्दीत. आई कुठे घरकामाला, कुठे पालिकेच्या सफाई खात्यात, कुठे नर्सिंग होममध्ये आया. फीचे पैसे भिशीतून बाजूला काढलेले. ठाण्याच्याच पूजा सुर्वे २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळल्या, पुढे प्रशिक्षकही झाल्या. असे नाव आपल्याच शहरात असले की आयांना हुरूप येतो, आणि तो यावाच.

पण या वेळी आम्ही क्लासला घालण्याविषयी लिहीत नाही, क्लास सोडण्याविषयी लिहीत आहोत. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण सोडण्याची आपल्याकडची रीत आम्ही पाहत आलो आहोत. एका सोमवारपासून मूल जाणे बंद होते. सरांचा फोन आला तर उचलायचा नाही. रस्त्यात मॅडम दिसल्या तर पलीकडच्या फुटपाथने जायचे. दोन महिन्यांची फी थकलेली असते त्याची लाज, आणि त्याहून मोठे म्हणजे ‘आपल्याला कोण विचारतंय’ ही जुनी सवय. त्यात मुलाचे दुखणे कोणी तपासत नाही, प्रमाणपत्रे क्लासच्या कपाटात राहतात, भरलेले पैसे बुडतात, आणि आपण पळून आलो असे मूल मनात धरून बसते. क्लास सोडणे हा गुन्हा नाही. तो ताठ मानेने, सांगून, कागद हातात घेऊन सोडता येतो.

आधी मुलाला विचारा, का नको. जेवताना, सगळ्यांसमोर विचारू नका. झोपताना किंवा रिक्षात, शेजारी बसून विचारा. ‘कंटाळा आला’ हे पहिले उत्तर असते, खरे उत्तर तिसरे-चौथे असते. शाळा वाढली, मैत्रीण सोडून गेली, पाळी सुरू झाली आणि त्या कपड्यांत जायला लाज वाटते, सर मोठ्याने ओरडतात, मनगट दुखते. काहींना नुसती भीती वाटते. काल सहज येणारी उडी आज अंगात येत नाही, हवेत गेल्यावर आपण कुठे आहोत तेच कळत नाही. ही नाटके नव्हेत. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने याच कारणासाठी सांघिक अंतिम फेरी अर्ध्यात सोडली. तेव्हा तिला नावे ठेवणारे पुष्कळ होते. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदके घेतली. जगातली सर्वोत्तम खेळाडू थांबू शकते, तर आपली नऊ वर्षांची मुलगी ‘आज नको’ म्हणाली म्हणून तिला भित्री म्हणू नका.

आता दुखण्याचे. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण आमच्याकडे बायका मुलांना घेऊन येतात त्या बहुतेक याच तक्रारी घेऊन.

वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते. हाड तिथून लांब होते. ही पट्टी मोठ्या माणसाच्या हाडासारखी टणक नसते. जिम्नॅस्टिक्स हा हातांवर सगळे अंग तोलण्याचा खेळ आहे, म्हणून मनगटाजवळच्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या पट्टीवर रोज भार येतो. हाताचा पंजा मागे वाकवला की किंवा हँडस्टँड करताना मनगट दुखत असेल, तर ते ‘लागलं असेल’ म्हणून सोडू नका. वेळेवर विश्रांती दिली तर हे बरे होते, पण दुखण्यावरच सराव चालू राहिला तर त्या हाडाची वाढ खुंटू शकते.

दुसरी जागा कंबर. मागे कमान करताना कमरेच्या खालच्या भागात, बऱ्याचदा एकाच बाजूला दुखत असेल आणि दोन आठवड्यांत थांबले नसेल, तर मणक्याच्या मागच्या भागाला बारीक चीर असण्याची शक्यता असते. बाम चोळून ती भरत नाही. टाचेचे आणि गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे त्या मानाने कमी काळजीचे. वाढीच्या वयात ते पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या पुष्कळ मुलांना होते आणि भार कमी केला की शांत होते. मात्र रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सूज, लंगडणे, पायात मुंग्या किंवा बधिरपणा यांतले काही असेल तर त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा ठाण्याच्या सिव्हिलमध्ये दाखवता येते. जाताना मुलाला कोणत्या हालचालीने दुखते ते लिहून न्या. ओपीडीत मिळणाऱ्या दोन मिनिटांत तेच कामी येते. आणि मेडिकलवरून आणलेली गोळी देऊन क्लासला पाठवणे आधी बंद करा. गोळी दुखणे झाकते, इजा वाढतच राहते.

तिसरी गोष्ट खाण्याची. या खेळात बारीक अंगाचे कौतुक फार. ‘वजन वाढतंय’ असे एकदा ऐकले की आई डब्यातली चपाती कमी करते, आणि मुलगी उरलेली मैत्रिणीला देते. आधीच आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. त्यात रोज दोन-तीन तास घाम गाळणाऱ्या मुलीचे खाणे तोडले तर हाडे कच्ची राहतात आणि पाळी लांबते. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा येऊन तीन महिने थांबली असेल, तर ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन तपासा: पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत साडेअकराच्या खाली आणि बारा ते चौदा वर्षांत बाराच्या खाली असेल तर रक्त कमी आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, लहान मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, घरी आणून खिडकीत ठेवायला दिलेली नसते.

म्हणजे सोडायचे ठरले तरी, सोडण्याच्या त्याच आठवड्यात ही तपासणी उरका. नंतर कोणी करत नाही.

आता एक अपवाद, आणि तो आधी सांगणे भाग आहे. पुढे आम्ही जे सभ्यपणे सोडण्याविषयी लिहिणार आहोत, ते सगळे एका बाबतीत लागू नाही. मुलाच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावला असेल, मारहाण झाली असेल, तर नोटीस नाही, निरोप नाही, मूल त्याच दिवशी थांबवायचे.

या खेळात शिकवणाऱ्याला मुलाला हात लावावा लागतो, हे खरे. उडी मारताना पाठीला, कमरेला, मांडीला आधार द्यावा लागतो, नाहीतर मान मोडेल. पण आधार सगळ्यांसमोर असतो, क्षणभराचा असतो, आणि चांगला शिक्षक आधी सांगतो, ‘मी इथे धरणार आहे.’ बंद खोलीत एकट्याने मालिश, मुलीच्या फोनवर रात्रीचे मेसेज, वेगळी भेटवस्तू, ‘आईला सांगू नको’ हा आधार नव्हे. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने वर्षानुवर्षे उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार केले. काही वेळा तर आईवडील त्याच खोलीत बसलेले होते. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक स्त्रियांनी कोर्टात उभे राहून सांगितले, आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये एक मोठा चौकशी अहवाल आला. त्यात मुलांना पाणी न देणे, लघवीला न सोडणे, सगळ्यांसमोर वजन करून हिणवणे अशा तक्रारी मोठ्या संख्येने नोंदलेल्या आहेत. तिथल्या मुलांनीही बरीच वर्षे ‘कडक शिस्त’ म्हणूनच हे सोसले होते.

असे काही कळले तर मुलावर विश्वास ठेवा आणि एकच प्रश्न दहा वेळा विचारू नका. घटना ताजी असेल तर आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या. मुलांसाठीची मदत १०९८ वर मिळते, पोलिसांची ११२ वर. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. मुलाचे नाव बाहेर येऊ द्यायचे नसते, म्हणून वस्तीतल्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. आणि ज्याला माहीत आहे त्याने कळवलेच पाहिजे, अशी या कायद्याची सक्ती आहे. ‘आपण क्लास सोडला ना, मग झालं’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. तिथे अजून दहा मुली जात असतात.

जातीवरून बोलणे हेही गप्प बसून सोडण्याचे कारण नाही. लोकांसमोर जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तारीख, शब्द, ऐकणारे कोण, हे त्याच दिवशी वहीत लिहा. पण प्रत्येक ओरडणे जातीचे नसते, काही सर सगळ्यांवरच ओरडतात. दोन्ही गोष्टी नीट ओळखून पाऊल टाका.

हे काही नसेल, साधेच कारण असेल, तर सरांना किंवा मॅडमना स्वतः जाऊन सांगा. व्हॉट्सअॅपवर नको, शेजारणीच्या तोंडून तर नकोच. क्लास चालू असताना मध्येच बोलू नका. एक मूल बारवर लटकलेले असते. ‘दहा मिनिटं हवीत, केव्हा येऊ’ असे आधी विचारा. सांघिक स्पर्धेत मुलीचे नाव गेले असेल तर ती स्पर्धा होऊ द्या, किंवा नावे जाण्याआधीच सांगा. तिच्या जाण्याने बाकीच्या मुलींचा संघ मोडतो.

कारण खरे सांगा. ‘आम्ही गावी चाललोय’ असे सांगून पुढच्या महिन्यात गावदेवी मैदानावर समोरासमोर भेटलेले लोक आम्हाला ठाऊक आहेत. फी झेपत नसेल तर तेच सांगा. काही ठिकाणी सवलत मिळते, हप्ते पडतात. खोटे कारण दिले की ती वाट तुम्हीच बंद करता. सवलत देऊ केली तर लगेच हो-नाही करू नका, ‘घरी विचारून उद्या सांगतो’ म्हणा. आणि मुलालाच नको असेल तर सवलतीच्या भिडेने त्याला पुन्हा पाठवू नका.

सर रागावतील. ‘एवढी मेहनत घेतली, आता पोरीचं वाटोळं करताय’ असेही म्हणतील. त्यात थोडा जीवही असतो. चांगल्या शिक्षकाला मूल जाताना दुखतेच. वाद घालू नका. ‘सर, तुम्ही हिच्यावर घेतलेली मेहनत आम्ही विसरणार नाही. पण घरात निर्णय झाला आहे,’ एवढे पुरे. मग मुलीला एक दिवस निरोपासाठी घेऊन जा. मैत्रिणींना भेटू द्या. क्लासच्या ग्रुपवर एक ओळ आभाराची टाकून बाहेर पडा. तक्रारी तिथे काढू नका.

या बाबतीत त्रिपुराच्या दीपा कर्माकरकडे पाहण्यासारखे आहे. सपाट तळपायांची मुलगी. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मे २०२४ मध्ये ताश्कंदला तिने आशियाई स्पर्धेचे सुवर्ण घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्ती जाहीर केली. शरीर आता विश्रांती मागते आहे हे तिने उघड सांगितले, आणि पंचवीस वर्षे शिकवणाऱ्या आपल्या प्रशिक्षकांचे नाव घेऊन आभार मानले.

तोंडी सांगितल्यावर चिठ्ठीही द्या, आणि तिच्या दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ म्हणून सही-तारीख घ्या. मजकूर साधा असावा:

‘मा. प्रशिक्षक, सप्रेम जयभीम. आमची मुलगी कु. ______, इयत्ता ___, आपल्याकडे ______ पासून शिकत होती. ______ या कारणाने ती दिनांक ______ पासून येणार नाही. आजपर्यंतची फी भरली आहे / बाकी रु. ______ दिनांक ______ पर्यंत देऊ. पुढील महिन्यांची आगाऊ भरलेली फी रु. ______ परत मिळावी. तिची मूळ प्रमाणपत्रे व कागदपत्रे द्यावीत. आपण शिकवलेल्याबद्दल आभारी आहोत.’

जयभीम लिहायचे की नमस्कार, ते तुमचे तुम्ही ठरवा. आम्ही जयभीमच लिहितो.

थकलेली फी असेल तर ती द्याच, हप्त्याने का होईना. आपले येणे मागायचे तर आपले देणे फिटलेले हवे. वर्षाची फी एकदम भरली असेल तर उरलेल्या महिन्यांची मागा. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ छापलेले असले तरी मागायला कोणी बंदी केलेली नाही. टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, त्यापुढे ठाण्यातच जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. यासाठी पावत्या लागतात. रोख देऊन पावती न घेण्याची सवय आजपासून मोडा.

प्रमाणपत्रांचे महत्त्व आपल्या घरांत पुरते उमगलेले नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण कोणतेही प्रमाणपत्र चालत नाही, स्पर्धा मान्य आहे का ते पाहिले जाते आणि नोकरीच्या वेळी क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. ट्रॅम्पोलिन या जिम्नॅस्टिक्सच्याच कुळातल्या खेळाची खोटी प्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या मिळवल्याचे प्रकरण काही वर्षांपूर्वी राज्यात गाजले, तेव्हापासून तपासणी जास्तच कडक आहे. म्हणून मूळ प्रमाणपत्र, स्पर्धेचे नाव, तारीख, ठिकाण सगळे जपा. जन्मदाखला, आधार, फीसवलतीसाठी दिलेला जातीचा दाखला, यांच्या मूळ प्रती तिथे राहिल्या असतील तर त्याही घेऊन या. जिल्हा संघटनेकडे मुलीचे नाव त्या क्लबतर्फे नोंदलेले आहे का, हेही विचारून घ्या. पुढे दुसरीकडे खेळायचे झाले तर त्यावरून अडायला नको. शालेय स्पर्धांची नावे मात्र शाळेतर्फे जातात. क्लब सोडला म्हणून शाळेकडून खेळता येत नाही, असे कोणी म्हणाले तर शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना गाठा.

जाता जाता आपल्या तरुण मुलींसाठी. वस्तीतल्या काही जणी मोठ्या झाल्यावर अशाच क्लासमध्ये हाताखाली शिकवतात, महिन्याला चार पैसे मिळवतात. त्यांनी सोडतानाही हाच कित्ता. महिनाभर आधी लेखी सांगायचे, राहिलेला पगार लेखी मागायचा, आणि कोणत्या मुलाचे मनगट दुखते, कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, ही माहिती पुढच्या ताईला सांगूनच निघायचे. पालकांचे नंबर उतरवून मुले आपल्या नव्या क्लासला ओढून न्यायची नाहीत. शिकवल्याचे अनुभवपत्र मागायला लाजू नका, ते पुढच्या नोकरीत लागते.

सोडल्यानंतरचे पहिले दोन महिने घरातल्यांनी सांभाळायचे. रोज तीन तास उड्या मारणारे मूल एकदम टीव्हीसमोर बसले की अंग आखडते, झोप बिघडते, चिडचिड होते. वजन थोडे वाढेल; त्यावर बोलू नका, वाढीच्या वयात ते वाढायचेच असते. मैत्रिणी गेल्याचे दुःख खरे असते, पण जेवणखाण, झोप, शाळा यांतून मन उडालेले दोन आठवडे टिकले, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलले, तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येते.

मुलांना रोज निदान तासभर तरी अंग हलवायला हवे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिम्नॅस्टिक्सचे अंग दुसऱ्या खेळातही कामाला येते. मल्लखांब, कबड्डी, धावणे, लेझीम, नाच, जे परवडेल आणि आवडेल ते. दुखापतीमुळे सोडले असेल तर डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय यातलेही काही सुरू करू नका. आणि चार-सहा महिन्यांनी मूलच म्हणाले, मला परत जायचे आहे, तर जाऊ द्या. फक्त नव्या सरांना सांगा की मधे खंड पडला आहे, कोलांटीपासून सुरू करा. जुनी उडी डोक्याला आठवत असते, हाडांना आणि स्नायूंना तिची सवय पुन्हा व्हायला काही आठवडे जातात.